पान एक्केचाळीस, डावा हात

३ मार्च

प्रिय खडू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे आधी बाजूला ठेवशील, भांडी आवरशील, आईला गोळी देशील आणि मग ‘बघू तरी काय म्हणते’ म्हणून उघडशील. सावकाश उघड. मला काही घाई नाही.

दर रविवारी आईच्या फोनवरून तुझी खबर मिळतेच. तुझ्या वर्गातल्या पोरांनी सगळी मांजरं हिरवी रंगवली, तुझा उजवा गुडघा कुरकुरतोय, तुमच्या जिन्यातला दिवा पुन्हा गेला. बोलताना मागे नळ वाहत असतो आणि मध्येच बंद होतो. म्हणजे तू तिथेच उभी असतेस, एवढं मला कळतं. तुला फोन दे असं मी आईला म्हणत नाही, आणि तीही आता विचारत नाही.

पत्राचं कारण साधं आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते आहे. चौथ्या मजल्यावरची माझी खोली रिकामी करायची आहे. इतक्या वर्षांचे कागद, फोटो, कार्डांचे खोके, सगळं उपसते आहे. बाबा म्हणायचे ते आठवतं का? जर्मन शिकलीस ती शिकलीस, पण सातशे वर्षांपूर्वीची. या भाषेत तुझ्याशी भांडायलाही कुणी जिवंत नाही. आता आवरताना वाटतं, बाबांच्या लक्षात जे एका वाक्यात आलं ते विद्यापीठाला तीस वर्षं कळलं नाही.

तर विभागात माझ्या कामाचं एक छोटं प्रदर्शन मांडायचं चाललं आहे. त्यासाठी तू तेव्हा ग्रंथालयात केलेली ट्रेसिंगं मिळाली तर बरं होईल. पत्र्याची लांब नळी, हिरवं झाकण, तुझ्याकडेच असणार. तू कधी काही टाकत नाहीस. सगळी नकोत. पान अडतीस ते चव्वेचाळीस एवढी पुरेत.

पंचवीस तारखेच्या आत पोचली तर उत्तम. घाई नाही म्हटलं खरं, पण तेवढं जमव.

तुझी,
ताई

९ मार्च

प्रिय खडू,

काल आईने फोनवर तुझा निरोप शब्दशः सांगितला. मध्ये थांबून तिने ‘बरोबर ना गं?’ असं तुला विचारलं तेही मी ऐकलं. ‘ती म्हणते, सरळ एक्केचाळीस म्हण. अडतीस ते चव्वेचाळीस कशाला? आणि प्रदर्शनाचं मला सांगू नकोस, खरं काय ते लिही.’ मग आईने स्वतःचं एक जोडलं. ‘एका पानासाठी एवढं काय गं तुमचं?’

ठीक आहे. एक्केचाळीस.

माझी एक विद्यार्थिनी आहे, माझ्याकडे पीएचडी करते. मी तिला मुंगी म्हणते, कारण ती दिवसभर कण वेचत असते आणि वाटेत कुणी आलं तर त्याच्यावरून चढून जाते. हुशार आहे. मी त्या वयात होते त्याहून हुशार, आणि हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तिचा प्रबंध आपल्या त्याच पोथीवर आहे. गप्पबाईची पोथी.

गप्पबाई तुला आठवत असेलच, नाव तूच ठेवलं होतंस. सरदार युद्धावरून परत येतो, तहाची ओलीस म्हणून पोटच्या मुलीला शत्रूकडे पाठवायचं ठरवतो आणि भर दरबारात बायकोला विचारतो, तुला मान्य आहे ना? कवी लिहितो, ती काहीच बोलली नाही. पुढच्याच ओळीत सगळे आनंदाने जेवायला बसतात. आणि शेजारच्या चित्रात ती बसलेली, डावा हात मांडीवर, पण बाही मात्र अशी खांद्याकडे गोळा झालेली, जणू हात वर उचललेला असावा. माझं पुस्तक त्या बाहीवर उभं आहे. चित्रकाराने तिचा तळवा आधी नकारासाठी उभा काढला होता, त्या काळच्या चित्रांतल्या खुणेप्रमाणे, आणि नंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून तो मांडीवर आणून रंगवला, असं मी म्हटलं. पुरावा काय, तर चुण्या. लोकांनी वाहवा केली आणि पाठीमागे ‘शिवणकामाच्या बाई’ असंही म्हटलं. मला दोन्ही कळत होतं.

मुंगीने गेल्या वर्षी त्या पानाचे नवे फोटो काढून घेतले. दिवा पानाच्या पातळीला आडवा धरून. तसं केलं की पृष्ठभागावरची बारीकशी खाचही सावलीने दिसते. मागच्या महिन्यात तिने तो फोटो माझ्या टेबलावर ठेवला आणि मागे सरकून उभी राहिली. हात होता, खडू. उभा तळवा, चार बोटं, अंगठा, मनगट. मी वीस-बावीस वर्षं म्हणत होते तिथेच, तसाच. आणि खाली समासात एक छोटी फुली. मुंगी म्हणते, ती चित्रकाराची मोजमापाची खूण असणार.

मी ‘वा’ म्हणाले.

मला शंका येते की तो हात आपल्या ट्रेसिंगमुळे उमटला असावा. नकळत आपल्याकडून दाब पडला असेल. नक्की सांगता येत नाही, म्हणून तो कागद पाहायला हवा. अठ्ठावीस तारखेला तिची तोंडी परीक्षा आहे. कागद माझ्या हातात आला की पुढचं काय ते मी बघेन.

ताई

१४ मार्च

प्रिय खडू,

तुझ्याकडून काही नाही. टपाल उशिरा येत असेल असं मी स्वतःला सांगते आहे. तोवर इकडचं सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

परवा मुंगीला बोलावून घेतलं. साळसूदपणे म्हटलं, त्या रेषा रंगाच्या खाली आहेत की वर, हे सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तपासून घेतलेलं बरं. खाली असतील तर जुन्या. वर असतील तर नंतर कुणीतरी ओढलेल्या. ती म्हणाली, तपासणीची वेळ मागायची तर चार महिने थांबावं लागतं. मग मी म्हटलं, ते प्रकरण सध्या बाजूला ठेव, बाकीचा प्रबंध भक्कम आहे, हे पुढे लेख म्हणून छाप. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण दुकानात माप कमी भरणाऱ्याकडे पाहतो.

तिला वाटतं ते मी तिच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी आधीच कळवलंय की तेच प्रकरण प्रबंधाचा कणा आहे. ग्रंथालय त्या फोटोचं पोस्टर करून दारात लावणार आहे. एका ठिकाणी तिची नेमणूक झाली आहे, पदवी हातात असेल तर. तिने हे सगळं शांतपणे मांडलं आणि मग म्हणाली,

‘मॅडम, सिद्ध होतंय ते तुमचंच म्हणणं. मग तुम्हीच मला मागे का ओढताय?’

मी म्हटलं, संशोधनात घाई बरी नसते. असली वाक्यं मला झोपेतही येतात.

‘तुम्ही जे नुसतं म्हणालात ते मी दाखवलं,’ ती म्हणाली. ‘तेच तुम्हाला सहन होत नाहीये.’

दार तिने आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं, ते जास्त लागलं. मी खिडकीतून खाली गाड्यांच्या रांगा बघत राहिले. मला तिचा हेवा वाटतो असं तिने समजावं आणि मी ते समजू द्यावं, कारण खरं सांगण्यापेक्षा हेवेखोर ठरणं सोयीचं. कमाल आहे ना माझी?

कागद पाठव, खडू. चौदा दिवस उरलेत.

ताई

१९ मार्च

खडू,

आज टपालात पाकीट आलं. तुझं अक्षर पाहून ते उभ्यानेच फाडलं, मान्य करते. आत तुझं पत्र नव्हतं. माझंच नऊ तारखेचं पत्र होतं, परत आलेलं. आणि त्यात एका शब्दाभोवती तुझ्या शाळेच्या लाल पेन्सिलीने गोल केला होता. ‘आपल्याकडून.’ शेरा नाही, गुण नाहीत. नुसता गोल.

बरं. बाई म्हणतात तर पुन्हा लिहून आणते.

आपल्याकडून नाही. माझ्याकडून.

त्या दिवशी वाचनदालनात आपण दोघी आणि भिंगवाले, एवढेच होतो. दालनाचे प्रमुख, पण भिंगाशिवाय त्यांना कधी पाहिलंच नाही म्हणून भिंगवाले. तू नेहमीसारखी पानावर आधी ती जाड पारदर्शक फिल्म ठेवलीस, तिच्यावर पातळ कागद, आणि तुझी मऊ टूबी पेन्सिल. तू रेघ ओढताना श्वास धरायचीस आणि रेघ संपली की सोडायचीस. मी शेजारी बसून ते ऐकायचे. दर तासाला तू हात धुवायला जायचीस. त्याही दिवशी गेलीस.

दुसऱ्या दिवशी माझी शिष्यवृत्तीची मुलाखत होती. बाहीची कल्पना डोक्यात नुसती घोंघावत होती. मला बघायचं होतं, एकदाच, हात तिथे बसतो का. फिल्ममधून नीट दिसेना, म्हणून मी ती काढली. कागद सरकू नये म्हणून समासात जुळणीची फुली मारली. आणि माझी ती टोकदार फोरएच पेन्सिल घेऊन तुझ्या ट्रेसिंगवर हात काढला. बाही बोलावत होती तसा. दोन मिनिटंही लागली नसतील. मला चित्र काढता येत नाही हे तुला माहीत आहे. जे काढता येत नाही ते माणूस दाबून काढतं. हात बाहीत बरोबर बसला. मला इतका आनंद झाला की खालचं पान म्हणजे सातशे वर्षांचं कातडं आहे हे मी विसरले.

तू परत आलीस, कागदाकडे पाहिलंस आणि एवढंच विचारलंस, ‘ताई, फिल्म कुठे गेली?’

संध्याकाळी पोथी परत करताना भिंगवाल्यांनी पान दिव्याकडे तिरपं धरलं. त्यांना फक्त समासातली फुली दिसली. त्यांनी विचारलं, ‘हे कुणी केलं?’ पेन्सिल तुझ्या हातात होती, म्हणून ते तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तू काही बोलली नाहीस, आणि त्यांनी नोंदवहीत लिहिलं. पान एक्केचाळीस, समासात दाबाची खूण, चित्रकर्ती.

जिन्यात मी तुझा दंड धरून म्हणाले, ‘आत्ता काही बोलू नकोस. उद्याची मुलाखत होऊ दे, मग मी सगळं नीट करते.’

मुलाखत झाली. निवड झाली. तू नोकरी करायचीस त्या संग्रहालयात ग्रंथालयाचं पत्र गेलं आणि तुला आरेखन विभागातून काढलं. तुला पुन्हा कुठल्याच जुन्या पानाला हात लावू दिला नाही. आणि तो ‘मग’ सत्तावीस वर्षांत उगवला नाही. आधी शिष्यवृत्ती जाईल म्हणून, मग नोकरी पक्की व्हायचीय म्हणून, मग पुस्तक येऊ दे म्हणून. त्यानंतर कारणही लागेनासं झालं. सवय झाली.

आणि एक. आई-बाबांना मी सांगितलं होतं, ‘तिचा हात जरा जड पडला.’ तुझा हात. मग बाबा जेवताना सहज म्हणाले, आमची धाकटी जड हाताची निघाली, आणि तू ताटावरून उठलीस. मी भात संपवला. तो दिवस मला ग्रंथालयातल्या दिवसापेक्षा जास्त टोचतो.

पुस्तक निघाल्यावर तुला पाठवलं होतं. ते परत आलं, त्यातलं एक वाक्य अधोरेखित करून. ‘गप्प राहिलेल्या माणसाच्या गप्प राहण्याचा अर्थ नेहमी दुसरेच लावतात.’ तुला ते आवडलं असं मी चक्क विभागात सांगितलं होतं. खरंच, मला लाज वाटते.

आणखी लिहायचं ते हे, की तो कागद मला पाहायला नको होता. मला तो फाडायचा होता. तो नसला की त्या रेषा कुणाच्या हे कायमचं झाकलं जाईल, मुंगी पास होईल, माझं पुस्तक खरं ठरेल आणि पोस्टर दारात लागेल. पंचवीस तारखेच्या आत का हवा होता, तर निश्चिंतपणे परीक्षेला बसता यावं म्हणून.

आता तुला हवं ते कर. कागद ग्रंथालयाला पाठव, मुंगीला पाठव, विभागप्रमुखांना पाठव. पत्ते मागे लिहिले आहेत. अठ्ठावीसला मी स्वतः बोलेन असं वचन द्यायला मी धजत नाही. माझ्या वचनांचा तुला अनुभव आहे.

ताई

२५ मार्च

खडू,

नळी आली. हिरव्या झाकणाला तू चिकटपट्टी लावलीस, तीसुद्धा कडेला काटकोनात कापून.

सगळी पानं आहेत. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मी ती टेबलावर पसरत गेले आणि तुझ्या रेषा बघून मला रडू आलं. घोड्यांचे खूर, मुकुटाचे दात, एक कुत्रं टेबलाखाली, आणि कुठे म्हणून एक रेघ दोनदा ओढलेली नाही. एवढं कौशल्य मी शाळेतल्या हिरव्या मांजरांवर नेऊन बसवलं.

मग एक्केचाळीस. गप्पबाई, तुझ्या मऊ रेषेत, डावा हात मांडीवर. आणि तिच्यावर तो दुसरा हात, करडा, टोकदार, कागदाच्या मागून बोट फिरवलं तर लागतो.

खालच्या कोपऱ्यात तू नेहमी लिहायचीस तशी नोंद आहे. आरेखन विभागात तुम्हाला शिकवलंच होतं की कागदावरची प्रत्येक रेघ कुणाची ते त्याच दिवशी लिहायचं. तारीख. मग, ‘आकृत्या व वस्त्रं: मी, टूबी, फिल्मवरून. उभा डावा हात व समासातली फुली: ताई, फोरएच, फिल्म नाही.’

त्याच दिवशीची तारीख. म्हणजे भिंगवाले विचारत होते तेव्हा हे तुझ्या काखेतल्या नळीत होतं. तुला एक झाकण उघडायचं होतं फक्त. तू सत्तावीस वर्षं ते उघडलं नाहीस, आणि आता उघडून मला पाठवलंस. मूळ कागद. नक्कलही मागे ठेवलीस की नाही, माहीत नाही. आईला विचारलं, तर म्हणाली, ‘ती पोस्टात गेली तेव्हा हातात एक नळी होती बाई, मला काय माहीत.’

खोलीत मी एकटीच आहे. दुपारचे तीन वाजलेत. हे माझ्याशिवाय कुणीही पाहिलेलं नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? कात्री ड्रॉवरमध्ये असते. मी ती काढून टेबलावर ठेवली आहे.

२ एप्रिल

प्रिय खडू,

मागचं पत्र तसंच पाकिटात घातलं होतं, खाली नाव लिहायचंही राहिलं. तू काय समजली असशील देव जाणे.

कात्री पाच मिनिटं तिथे होती. घड्याळाकडे बघितलं म्हणून माहीत. त्या घड्याळाकडे बघितलं आणि मला ते दुसरं घड्याळ आठवलं, भिंतीवरचं. मग मी कात्री जागेवर ठेवली आणि मुंगीला फोन लावला.

ती आली ती चेहरा बंद करून. तिचा मोठा फोटो टेबलावर ठेवला आणि त्यावर तुझं ट्रेसिंग. मापं सारखीच होती. फुलीवर फुली ठेवली आणि सोडलं. बोटावर बोट बसलं, खडू, केसाचाही फरक नाही. मुंगीने दोनदा कागद उचलला आणि दोनदा परत ठेवला. मग वाकून कोपऱ्यातली नोंद वाचली. तारीख वाचली, तेव्हा ती खाली बसली.

‘ताई म्हणजे कोण?’ तिने विचारलं.

तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की तू माझं नाव लिहिलेलं नाहीस. ताई. जगात कितीतरी असतील. त्या दालनात तेव्हा काम करणारी एखादी, आता हयात नसलेली ताई मला त्या क्षणी सहज सुचली. सुचली हे तुला सांगते आहे.

‘मी,’ म्हणाले.

मुंगीने ट्रेसिंगखालून आपला फोटो ओढून घेतला. तिने विचारलं, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे? मी म्हटलं, तू फोटो ठेवलास त्या क्षणापासून. ती म्हणाली, ‘तेव्हा सांगितलं असतंत तर माझ्याकडे दीड महिना होता. आता तीन दिवस आहेत.’ तिने आपल्या वस्तू गोळा केल्या, तुझ्या कागदाचा फोटो काढला आणि गेली. या वेळी दार उघडंच ठेवलं.

परीक्षा अठ्ठावीसला झाली नाही. तिनेच विनंती करून पुढे ढकलली, सहा महिने. नेमणुकीचं काय होईल ते ठरायचं आहे. मार्गदर्शक म्हणून तिने दुसऱ्यांचं नाव दिलं आहे आणि मी त्यावर सही केली. ती मला जिन्यात भेटते तेव्हा नमस्कार करते, फक्त नमस्कार. हे मी नीट करू शकणार नाही, आणि ‘मग करेन’ असं आता कुणाला म्हणणारही नाही.

अठ्ठावीसला परीक्षक आलेच होते, तिकिटं काढलेली. त्यांच्यासमोर मी सगळं सांगितलं, विभागप्रमुखही होते. परीक्षक म्हातारे, सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘पण बाईंचा हात आधी खरंच वर होता का, तुमचं आजचं मत काय?’

माझं मत काय, खडू? मला अजूनही वाटतं, होता. बाही खोटं बोलत नाही. पण त्या जागी जुनी खाच असलीच, तर तिच्यावरून माझी पेन्सिल गेली आहे. आता कितीही बारीक तपासलं तरी कुणाला कळणार नाही. मी आयुष्यभर जो पुरावा शोधत होते तो, असला तर, मीच त्या दोन मिनिटांत घालवून बसले. त्यांना एवढंच म्हटलं, ‘माहीत नाही, आणि माझ्यामुळे यापुढेही कळणार नाही.’ त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

पुस्तकाच्या प्रकाशकांना कळवलं आहे. ते प्रकरण पुढच्या आवृत्तीत नसेल, आवृत्ती निघाली तर.

काल ग्रंथालयात गेले. भिंगवाले तर कधीच गेले, आता तिथे एक तरुण बाई आहेत. त्यांनी तळघरातून ती नोंदवही काढून आणली. तो लांबट अक्षरातला ‘चित्रकर्ती’ शब्द तसाच आहे. त्यांनी तो खोडला नाही, नोंदवहीत खोडत नाहीत. खाली लाल शाईने दुरुस्ती लिहिली, माझं पूर्ण नाव, हुद्दा, तारीख आणि केलं ते काय, आणि मला सही करायला सांगितलं. मी केली. मग माझं वाचक कार्ड मागून घेतलं. नियमच आहे. फार ओशाळवाणं हसल्या बिचाऱ्या. एक्केचाळिसावं पान काय, आता मला तिथला पुठ्ठाही उघडता येणार नाही. तुला इतकी वर्षं कसं वाटलं असेल, हे मला परतीच्या वाटेवर पायऱ्या उतरताना पहिल्यांदा कळलं. तोपर्यंत मला ते फक्त माहीत होतं.

त्यांनी तुझ्यासाठी दोन कागद दिलेत, ते सोबत आहेत. एक, तुझ्यावरची बंदी चुकीची होती असं कळवणारं पत्र, शिक्क्यासकट. दुसरा, वाचक कार्डाचा फॉर्म. तुझी ट्रेसिंगं पाहून त्या बाई म्हणाल्या, चाळिसाव्या पानावरचा मुकुट आता इतका झिजलाय की त्याचे दात तुझ्या कागदावरूनच मोजावे लागतील. ट्रेसिंगं त्यांच्याकडे ठेवू का असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, ती माझी नाहीत. नळी उद्याच्या टपालाने परत येते आहे.

फॉर्मवर सहीची जागा रिकामी आहे. ती भरायची की नाही, हे मी विचारत नाही. आईला रविवारी मीच सांगणार आहे, हात कुणाचा जड होता ते. तू जवळ असलीस तर नळ सोडून ठेव, ऐकायचं नसेल तर.

या पत्राचं तू उत्तर देशील की नाही, मला ठाऊक नाही. नाही दिलंस, तर या वेळी तुझ्या गप्प बसण्याचा मला सोयीचा अर्थ मी काढणार नाही.

तुझी,
ताई